गेटटुगेदरच्या शेवटी सिनेमा कशाला? (व्हाया मिसळ, मॅरेथॉन आणि 'सत्या')

बदलापूरकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आज जरा तणतणायला आलेय.

परवाच्या रविवारी, १९ जानेवारीला, आमचा कॉलेजचा ग्रुप भेटला. सगळे पंचेचाळिशीच्या आगेमागे. एकजण बंगळूरहून, एकजण नाशिकहून, बाकी आम्ही ठाण्यापलीकडचे आणि एक नेरूळची. तारीख ठरवायचा खल दिवाळीपासून चाललेला आणि एवढं करून कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही की त्याच दिवशी मुंबई मॅरेथॉन आहे आणि नेरूळला कोल्डप्ले. म्हणजे सकाळी अर्धे रस्ते बंद आणि रात्री नेरूळवाली घरी पोचणार कशी हा प्रश्न.

तरी दिवस झकास गेला. आस्वादची मिसळ (रांगेत ताटकळलो पण निम्म्या गप्पा तिथेच उरकल्या), मग शिवाजी पार्कचा कट्टा, मग ट्रेनने सीएसएमटी, तिथे गळ्यात मेडल आणि पोटऱ्यांत गोळे घेऊन चालणारी माणसंच माणसं. आमच्यातला एकजण प्रत्येकाला "किती किलोमीटर?" विचारत होता आणि स्वतः जिन्याने चढताना तीनदा थांबत होता. मग म्युझियम, मग धोबीतलावच्या इराण्याकडे चहा आणि बनमस्का.

आणि तिथे एकाने टूम काढली की 'सत्या' १७ तारखेपासून परत थिएटरला लागलाय, ९८ला आपण लेक्चरं बुडवून बघितलेला, चला. चौघं लगेच उठले. मी आणि नेरूळवाली नको नको म्हणत होतो पण बहुमतापुढे काय. नेमकी त्याच वेळी ती मला तिच्या आईच्या दुखण्याबद्दल काहीतरी सांगायला लागली होती, वाक्य अर्धं झालं आणि "चला चला सुरुवात चुकेल". झालं. पुढचे पावणेतीन तास सगळे अंधारात तोंड मिटून एका दिशेला बघत बसलो. बाहेर आल्यावर जो तो घड्याळाकडे बघून पळाला.

माझं म्हणणं एवढंच की इतक्या वर्षांनी भेटल्यावर सिनेमा हा वेळेचा खून आहे. सिनेमा काय घरी बघता येतो. आणि बघायचाच तर हा? दिवसभर खिदळून शेवटी इतके मुडदे? तुमचा काय अनुभव?

खारीबिस्कीट

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

गजाननाचा_ग

बदलापूरला राहून क्राइम फिल्मला नावं ठेवता? तुमच्या गावाच्या नावाचाच एक आहे की हो. 😀

बदलापूरकरीण

माहितीये! २०१५ पासून हा विनोद ऐकतेय. नवीन आणा काहीतरी.

मध्यमपदलोपी

मी तुमच्या त्या चौघांच्या बाजूने. स्पष्टच सांगतो, दिवसभर गप्पा मारल्या की संध्याकाळी विषय संपतात आणि मग सुरू होतं कुणाचा मुलगा कुठे, कुणाचा फ्लॅट केवढ्याला, कुणाची शुगर किती. आमच्या ग्रुपमध्ये तर सहानंतर राजकारण निघतं आणि मग दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. त्यापेक्षा थिएटरात बसवलेलं बरं. बाहेर पडल्यावर भांडायला नवा विषय मिळतो आणि त्या भांडणात कुणी ग्रुप सोडून जात नाही.

आणि त्यासाठी क्राइमच पाहिजे. कॉमेडी बघून माणसं हसतात आणि घरी जातात. लव्हस्टोरी बघायचं आपलं वय नाही (म्हणजे आहे, पण ग्रुपमध्ये नाही). 'अंधाधुन' बघून आम्ही पार्किंगमध्ये एवढा वेळ भांडलो की वॉचमन येऊन म्हणाला साहेब गेट बंद करायचंय. त्यातल्या हिरोला खरंच दिसत होतं की नव्हतं, तो ससा, तो कॅन, शेवटी तो जे सांगतो त्यातलं खरं किती. आजही ग्रुपवर कुणी नुसती सशाची इमोजी टाकली की परत सुरू. सांगा, कुठल्या कौटुंबिक सिनेमाने हे केलंय?

सायली_सॅनहोजे

'अंधाधुन'साठी +१. शिवाय पुण्यातच घडतो त्यामुळे आम्हा पुणेकरांना निम्मा वेळ "अरे हे कुठलं लोकेशन" करण्यात जातो.

तिरळा_तात्या

पुणेकर सॅनहोजेला गेले तरी पुणेकरच.

पेठेतला

धागाकर्तीशी सहमत. मित्र भेटल्यावर सिनेमा म्हणजे पंगतीला बसून पेपर वाचण्यासारखं आहे.

काका_कर्वेनगर

नमस्कार. मी इथे बहुधा सर्वांत वयस्कर असेन. विषय थोडा वेगळीकडे नेतोय, चालवून घ्या.

आमचाही शाळूसोबत्यांचा गट आहे. अजून महिन्यातून एकदा भेटतो, संभाजी बागेत चक्कर आणि नंतर कॉफी. तरुणपणी आमचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे दिवसभर भटकून शेवटचा शो टाकायचा आणि रात्री साडेबारा-एकला चालत घरी. अलका, विजय, नीलायम, जिथे मिळेल तिथे. रहस्यपट म्हटला की आमच्या उड्या. त्या आधी लहानपणी थोरल्या भावाबरोबर 'पाठलाग' पाहिलेला, १९६४ चा, राजा परांजपे यांचा. पुढे त्यावरूनच हिंदीत 'मेरा साया' निघाला हे आजच्या मुलांना सांगितलं तर उलटं वाटतं त्यांना.

पण ७६च्या अखेरीला हे सगळं बंद झालं. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण पुण्यात ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. भांडारकर रोडवर एका बंगल्यात एका रात्रीत पाच माणसं मारली. संध्याकाळी सात वाजता रस्ते ओस पडत. बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचं, ओळख पटली तरी दार किलकिलंच उघडायचं. आई मला क्लासलासुद्धा एकट्याला पाठवत नसे. शेवटचा शो तर विसराच. ७७ मध्ये पकडले तेव्हा कळलं की मारणारी मुलं आमच्याच वयाची, टिळक रोडवर चित्रकला शिकणारी. दहा खून. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार. पुढे ८६ साली त्यावर नाना पाटेकरांचा सिनेमा आला, तो आमच्या गटातल्या एकानेही थिएटरात जाऊन पाहिला नाही. ठरवून नाही, पण कुणी तिकीट काढायचं नावच काढलं नाही.

सांगायचं काय, तर ती मुलंही एक मित्रांचा कट्टाच होती. टिळक रोडवर आम्ही जिथे चहा प्यायचो तिथे तीही पीत असणार. त्यामुळे क्राइम फिल्म करमणूक म्हणून बघायला माझी आजही हरकत नसते, पण पडद्यावर मित्रांचं टोळकं हसत खिदळत निघालेलं दिसलं की मी जरा सावरून बसतो.

खारीबिस्कीट

काका _/\_ अंगावर काटा आला.

माझी आई तेव्हा सदाशिव पेठेत होती. ती अजूनही रात्री आठनंतर बेल वाजली की आधी "कोण आहे" विचारते, कोण आहे ते कळलं की "एकटाच आहेस ना" विचारते. लहानपणी आम्ही हसायचो.

फुलराणी७

आमच्याकडे पण! माझ्या आजोबांनी तेव्हा दाराला जी आडवी लोखंडी पट्टी बसवली ती वाडा पाडेपर्यंत होती.

लंडनचा_गणपत

धागा भलतीकडे गेला पण छान चाललाय. मी परत हलकं करतो.

मागे आमचे शाळेतले दोघं इकडे आले होते. दिवसभर नेहमीचं, टॉवर ब्रिज, बरो मार्केट, चालून चालून पाय मोडले, आणि संध्याकाळी मी त्यांना 'माउसट्रॅप'ला नेलं. सिनेमा नाही, नाटक, पण जात एकच. २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालेलं, मध्ये कोविडात बंद होतं तेवढंच, नाहीतर चालूच. शेवटी नट प्रेक्षकांना सांगतात की आता तुम्हीही आमच्या कटात सामील, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि या नाटकाचा करार असा आहे की वेस्ट एन्डमधला मुक्काम संपून सहा महिने झाल्याशिवाय त्यावर इंग्रजी सिनेमा काढता येत नाही. मुक्काम संपतच नाही त्यामुळे सिनेमाही नाही.

तर आमच्यातला एक इंटरव्हलला आइस्क्रीम खाता खाता अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मराठीत खुनी कोण ते सांगत होता. सुदैवाने मराठीत. पण पुढच्या रांगेतल्या एका बाई वळून म्हणाल्या, "अहो, आम्ही डोंबिवलीच्या."

मध्यमपदलोपी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

तिरळा_तात्या

डोंबिवली सर्वव्यापी आहे.

गजाननाचा_ग

गणपतराव, मग त्याचं बरोबर निघालं का?

लंडनचा_गणपत

सांगणार नाही. मी कटात सामील आहे.

जेनझी_जगू

मी ९९चा जन्म त्यामुळे 'सत्या' माझ्यापेक्षा मोठा आहे. 🙈 मागच्या वर्षी मोबाईलवर बघितला, दोन बैठकांत. खरं सांगू, मला एवढं काय ते कळलं नाही. चाळ, कुर्त्यावर चांदीची चेन, हातात गन, मधूनच शिव्या, हे सगळं वेबसिरीजमध्ये शंभर वेळा बघितलंय. तुम्ही लोक नॉस्टॅल्जियामुळे डोक्यावर घेता का?

बाय द वे शेवट सांगू नका कुणी, माझी शेवटची वीस मिनिटं राहिलीत.

तिरळा_तात्या

दुसऱ्या बैठकीत पण संपवला नाहीस??

पेठेतला

जगू, सव्वीस वर्षं झाली रे. एवढ्यात माणसं एमपीएससीचे सगळे अटेंप्ट संपवून संसाराला लागतात.

परळ_टँक_रोड

जगू, तू शंभर वेळा बघितलंस कारण त्या सगळ्यांनी इथून उचललंय. त्या आधी हिंदीतला डॉन बंगल्यात राहायचा, पांढरा सूट, पायाशी बाई. 'सत्या'तला भिकू म्हात्रे घरी येतो तेव्हा बायको त्याला झापते, पोरांचं विचारते. तेव्हा आम्ही ते बघून चाट पडलो कारण असला माणूस आम्ही बघितलेला होता. दोन गल्ल्या सोडून.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, आमच्या घरात तर तो अजून चालू आहे असंच वडील म्हणायचे. त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत आमच्या चाळीतली पोरं कुठे कुठे गेली ते मी बघितलंय. काही रिक्षा चालवायला लागले, काही बँकेत लागले (आई खानावळ चालवायची म्हणून आम्ही तरलो), आणि दोघंजण "भाई"कडे. त्यातला एक माझ्याबरोबर पहिलीपासून. क्रिकेटमध्ये माझा विकेटकीपर. १९९७ मध्ये गेला. पेपरात चार ओळी, चकमकीत ठार, आणि त्याच्या नावापुढे एक टोपणनाव लावलेलं जे आम्ही चाळीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच वर्षी १२ ऑगस्टला गुलशन कुमारना अंधेरीत देवळाबाहेर भर सकाळी गोळ्या घातल्या. पुढच्या जुलैत 'सत्या' आला. तेव्हा तो आम्हाला सिनेमा वाटलाच नाही, बातम्या वाटल्या.

बदलापूरकरीण, तुम्ही "इतके मुडदे" लिहिलंय त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण आमचा चाळीतला ग्रुप भेटतो तेव्हा आम्ही हाच सिनेमा लावतो, घरी, आणि तो विकेटकीपर नसतो म्हणून लावतो. एरवी त्याचं नाव कुणी घेत नाही. भिकू पडद्यावर आला की कुणीतरी बोलतं, "साला अस्साच हसायचा."

काका_कर्वेनगर

परळकर, लिहीत राहा. वेगळा धागा काढा यावर.

बदलापूरकरीण

परळ_टँक_रोड, काय बोलू. आमच्या वर्गात पण लालबागची मुलं होती, डबा खाताना ती घरचं काहीच सांगायची नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. सांगितल्याबद्दल थँक्यू.

आता एक मान्य करते की सिनेमा सुरू झाल्यावर मी पण गुंतले. ९८ला आम्ही मुली सुद्धा भिकूवर फिदा. मनोज बाजपेयीला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं ते योग्यच. यावेळी मात्र मी सगळा वेळ भिकूच्या बायकोकडे, प्यारीकडे बघत होते. शेफाली शाहला सीन तरी किती, पण ती नवऱ्यावर ओरडते ना, तेव्हा मला वाटलं अरे ही एकटीच आहे जिला आपल्या घराचं काय होणार ते दिसतंय. आणि विद्या! समोरच्या दारात राहणाऱ्या मुलाबरोबर फिरतेस, अगं एकदा तरी विचार की बाबा तू काम काय करतोस. माझी लेक कॉलेजला आहे, तिला ओरडावं तसं मी मनात उर्मिलाला ओरडत होते.

नाशिकवाला म्हणाला की तू आता कमिशनरच्या बाजूची झालीस. ग्रुपवर त्यावरून दोन दिवस जुंपलीय.

मध्यमपदलोपी

बघा!!! म्हणजे सिनेमाने विषय दिला की नाही? 😀

फुलराणी७

धागाकर्तीने स्वतःच्याच विरोधात पुरावा दिला. मिलॉर्ड.

टॉर्चवाला

थिएटरचा विषय निघालाय म्हणून लिहितो. वडील सोलापूरला एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी शाळा सुटली की तिथेच. दुसऱ्या शोला माझा अभ्यास प्रोजेक्टर रूममध्ये व्हायचा.

'सत्या' टॉकीजमध्ये बघायचा म्हणजे त्यातला टॉकीजचा सीन टॉकीजमध्ये बसून बघायचा. सत्या आणि विद्या 'बॉर्डर' बघायला जातात, पोलिसांना कळतं, ते दारं बंद करून एकच उघडं ठेवतात, आणि गोळी सुटल्यावर जी चेंगराचेंगरी होते त्यात माणसं मरतात. त्या सीनला आमच्या टॉकीजमध्ये मागे वळून दाराकडे बघणारी माणसं मी केबिनच्या खिडकीतून बघितलीत.

आणि यात अजून एक गोष्ट आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार टॉकीजला आग लागली, ५९ माणसं गेली, तेव्हा तिथे पडद्यावर 'बॉर्डर'च चालू होता. खाली ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर बाल्कनीत चढला आणि बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली. सिनेमावाल्यांनी मुद्दाम तोच पिक्चर घेतला की तो तेव्हा सगळीकडे चालू होता म्हणून, ते त्यांनाच माहीत. पण माझ्या वडिलांनी उपहारची बातमी वाचली त्या दिवशी मालकाशी भांडून बाल्कनीच्या मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं. तिकिटाशिवाय पोरं शिरतात म्हणून ते कायम बंद असायचं. त्यानंतर पोरं शिरायला लागली आणि वडील म्हणायचे शिरू देत.

तुमच्या मल्टिप्लेक्समध्ये सुरुवातीला दारं कुठे आहेत ते दाखवतात तेव्हा सगळे मोबाईल बघत असतात. बघा जरा.

गजाननाचा_ग

टॉर्चवाले, वडिलांना नमस्कार सांगा.

पण या सीनबद्दल कुणीच कसं बोललं नाही की दारं बंद करणारा इन्स्पेक्टर खांडिलकर म्हणजे आदित्य श्रीवास्तव, म्हणजे आपला सीआयडीतला अभिजीत! हा दारं बंद करतो आणि दारं तोडणारा दया नेमका त्या दिवशी सुट्टीवर.

सायली_सॅनहोजे

😂😂 दया असता तर कुणी मेलं नसतं.

पेठेतला

मरू दे, पण हे कबूल केलं पाहिजे की 'गोली मार भेजे में' लागल्यावर पूर्ण थिएटर गातं. घरच्या टीव्हीसमोर गायला लागलं की बायको दार लावून घेते.

मिसळसम्राट

सगळं वाचलं. मूळ चूक सकाळीच झालेली आहे. आस्वादची मिसळ ही मिसळ नव्हेच. ठाण्यात येऊन मामलेदार खायची होती, मग डोळ्यांतून पाणी आलं असतं आणि सिनेमाची गरजच पडली नसती.

बदलापूरकरीण

आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये अवॉर्ड मिळालंय हो.

मिसळसम्राट

लंडनमध्ये!! यातच सगळं आलं.

लंडनचा_गणपत

ऑब्जेक्शन.

पेठेतला

बेडेकर. विषय संपला.

कोल्हापुरी_पायताण

अजून कोण काय बोलंना म्हणून गप बसलोय. गोड मिसळ खाणाऱ्यांनी क्राइमबद्दल बोलू नये, ती मिसळच क्राइम हाय.

खारीबिस्कीट

अॅडमिन, मिसळीचे प्रतिसाद मिसळीच्या धाग्यावर हलवा प्लीज. तिथे आधीच ३०० झालेत.

रुमाल टाकला होता तर माझं पण लिहिते. आम्ही मैत्रिणी भेटतो त्या दिवशी सिनेमा असतोच, पण शेवटी नाही. आधी. सकाळचा पहिला शो. त्याची तिकिटं स्वस्त, थिएटर रिकामं आणि त्यानंतर अख्खा दिवस बोलायला मोकळा. बदलापूरकरीण म्हणतेय तो प्रॉब्लेम सिनेमाचा नाहीये, वेळेचा आहे. संध्याकाळी सहाला माणसाच्या मनातलं बाहेर यायला लागतं, सकाळी सगळे आपापले मुखवटे लावून येतात, "काय मजेत, मस्त, सगळं ठीक". नेमकं मनातलं बाहेर यायला लागलं की तुम्ही त्याला अंधारात कोंबता.

आणि क्राइमच का, तर आमच्यातली एकजण कायम सांगते की खुनी कोण आहे आणि कायम चुकते. तेवढ्यासाठी जायचं. एकदा तिने बरोबर ओळखला तर सगळ्यांना चुकल्यासारखं झालं.

फुलराणी७

खारी, अगदी अगदी. संध्याकाळी सहाचं पटलं.

सायली_सॅनहोजे

इकडे वेगळंच. आमच्या बेसमेंटमध्ये पॉटलक, पोरं वर खेळतायत, खाली आम्ही दहाबारा मराठी माणसं आणि मोठा स्क्रीन. सिनेमा कुठला लावायचा यावर चर्चा सुरू होते आणि चर्चा संपेपर्यंत पोरं झोपतात, मग सगळे निघतात. आम्ही मागच्या वेळी 'इत्तेफाक' लावला होता, जुना, ६९चा, राजेश खन्ना आणि नंदा. एक पण गाणं नाही त्यात! एक काका गाण्याची वाट बघत बघत झोपले आणि शेवटी उठून विचारतात "गाणं गेलं का?"

काका_कर्वेनगर

सायली, त्या काकांची बाजू घेतो. त्या काळात राजेश खन्ना आणि गाणं नाही हाच मोठा गुन्हा होता.

जेनझी_जगू

ओके मंडळी, काल राहिलेली वीस मिनिटं बघितली. गणपती विसर्जनाच्या गर्दीतला सीन. माझं घर गिरगावात आहे, मी दरवर्षी तिथेच असतो चौपाटीवर. मोबाईलवर बघायला नको होता एवढं कळलं. अजून कुठे लागलाय का कुणाला माहितीये? मित्रांना घेऊन जायचंय. परळ_टँक_रोड दादा, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांच्या पण वर्गातला एक होता.

परळ_टँक_रोड

जगू, बाबांना घेऊन जा. मित्र नंतर.

तिरळा_तात्या

आणि या वेळी एकाच बैठकीत संपव.

मध्यमपदलोपी

मूळ प्रश्नाचं काय झालं पण? बदलापूरकरीण, त्या मैत्रिणीच्या आईचं पुढे कळलं का? तुमचा राग सिनेमावर कमी आणि त्या अर्ध्या वाक्यावर जास्त आहे असं मला पहिल्यापासून वाटतंय.

बदलापूरकरीण

बरोबर ओळखलंत. तिला दुसऱ्या दिवशी फोन केला. रविवारी ती कोल्डप्लेच्या गर्दीत अडकून मध्यरात्री घरी पोचली, ट्रेनमध्ये सगळी पोरं चमकणारे हातपट्टे घालून गात होती म्हणे आणि हिच्या डोक्यात 'सत्या'तलं कल्लू मामाचं गाणं. आईचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. आम्ही बरंच बोललो. पण खरं सांगू का, ती स्वतःच म्हणाली की त्या दिवशी सिनेमाला गेलो ते बरं झालं, सगळ्यांसमोर रडले असते, अंधारात रडून घेतलं, कुणाला कळलं नाही, आणि शेजारी तुम्ही सगळे होतात. म्हणजे मी जिच्यासाठी भांडतेय तीच दुसऱ्या पार्टीत.

मी माझं मत बदललेलं नाही. सिनेमा आधी, गप्पा नंतर, हे खारीबिस्कीटचं पटलंय आणि तसं ग्रुपवर टाकलंय. बंगळूरवाला म्हणतो सकाळी नऊच्या शोला मी उठणार नाही. नाशिकवाला म्हणतो नऊला पोचायचं तर मला पंचवटी चालणार नाही, आदल्या रात्रीच यावं लागेल, मग मुक्काम कुणाकडे. नेरूळवाली म्हणते आईचं ऑपरेशन झाल्यावर तिच्याच घरी जमायचं, मार्चमध्ये, ती हलू शकणार नाही आणि आईला पण रहस्यपट आवडतात. तर आता सत्तरीच्या काकूंना चालेल असा, रक्त कमी आणि डोकं जास्त, शक्यतो मराठी सिनेमा सुचवा. 'पाठलाग' त्यांचा पाठ आहे.

खारीबिस्कीट

'बिनधास्त'! ९९चा, चंद्रकांत कुलकर्णींचा. दोन मैत्रिणी आणि एक खून. काकूंना आवडेल आणि ग्रुपमधल्या मैत्रिणींना तर नक्कीच.

काका_कर्वेनगर

'हा खेळ सावल्यांचा' चालेल. काकूंना गाण्यांसकट येत असेल बहुधा.

पेठेतला

काकू खुनी आधीच सांगणाऱ्यातल्या आहेत का ते आधी विचारून घ्या.

बदलापूरकरीण

त्याच तर आहेत. कॉलेजात असताना त्यांच्याकडे व्हिडिओ कॅसेट आणून बघायचो, टायटल संपायच्या आत काकू स्वयंपाकघरातून नाव सांगायच्या.

मिसळसम्राट

नेरूळला येताय तर ठाणे वाटेतच पडतं. मामलेदारचं पार्सल मी आणून देतो.

कोल्हापुरी_पायताण

ऑपरेशन झालेल्या बाईला तर्री? अॅडमिन, ह्याला आत टाका.